लोटांगणाची अट

माझी रूममेट योरुबा आणि तिचा होणारा नवरा इग्बो. दोघांचेही आईबाप नायजेरियातून अमेरिकेत आलेले, दोघंही इथेच वाढलेले. ती नर्स, तो फार्मसिस्ट. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या किचनमध्ये तिने मला हे सांगितलं तेव्हा मी भाजी परतत होते, आणि ‘बरं, मग?’ एवढंच म्हणाले. हे दोन समाज, त्यांच्या भाषा, रीती वेगळ्या, आणि एकमेकांबद्दलचे टोमणे पिढ्यानपिढ्या लोणच्यासारखे मुरवलेले, हे मला नंतर कळलं.

आपल्या लोकांना ते नंतरही कळलं नाही. नेपरव्हिलच्या एका काकूंकडे पॉटलक जेवण होतं. तिथे मी हा विषय काढला.

“अगं, पण दोघंही आफ्रिकनच ना?” काकू म्हणाल्या. “मग प्रॉब्लेम कुठे आला?”

याच काकू लग्नाळू मुलामुलींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवतात. त्यात नावाच्या खाली, पगाराच्याही आधी, पोटजात लिहावी लागते. मी म्हटलं, “काकू, तुमच्या ग्रुपवर पण सगळे मराठीच असतात ना? मग पोटजात कशाला लिहून घेता?”

काकूंनी माझ्या ताटात आणखी एक बटाटेवडा टाकला. आपल्याकडे उत्तर नसलं की वाढतात.

माझं असं बोलणं घरातून आलेलं आहे. नागपूरला आमच्या घरी देव्हारा नव्हता, त्या कोनाड्यात बाबांच्या पत्रकांचे गठ्ठे होते. जातीविरुद्धची, हुंड्याविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची पत्रकं. मी अक्षर ओळखायला त्यांच्यावरच शिकले. जवळपास प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एकच मागणं असायचं: कुणाच्या पाया पडू नका. आईबाबांचं लग्न रजिस्टर, वर चहा-चिवडा. मी आजवर कुणाला वाकून नमस्कार केलेला नाही. व्हिसाच्या खिडकीपुढेही ताठ उभी होते, हे सांगायला मला आवडतं.

त्यामुळे रूममेटच्या वडिलांची अट ऐकली तेव्हा माझं डोकं फिरलं. योरुबांमध्ये नवरामुलगा आपल्या मित्रांना घेऊन मुलीच्या आईवडिलांपुढे जमिनीवर पालथा पडतो. चक्क लोटांगण. तिचे वडील निवृत्त प्राध्यापक, अतिशय हळू बोलणारे. ते म्हणाले, “मला स्वतःला काही नको. रीत म्हणून हवं.” स्वतःला काही नको असं म्हणणाऱ्या माणसाइतकं हट्टी कुणी नसतं.

नवऱ्यामुलाचे वडील वारलेले. त्यांच्या जागी उभा राहणार होता त्याचा काका, जो टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहतो. मोठा माणूस, आवाज त्याहून मोठा. त्याने फोनवरच सांगून टाकलं, “इग्बो माणूस कुणापुढे आडवा होत नाही. देवापुढेसुद्धा फक्त आजारी असेल तर.” मुलगा आडवा झाला तर आपण त्या लग्नात उभे राहणार नाही. आणि मुलाकडचा वडीलधारा उभा नसेल तर मुलगी द्यायची कुणाच्या हातात, असं प्राध्यापकांचं म्हणणं. झालं. दोन म्हाताऱ्यांच्या मधे माझी रूममेट.

ती रडली नाही. तिने दोघांना आमच्याच घरी जेवायला बोलावलं.

त्या दिवशी काका आला तो पायघोळ, भरजरी अगबाडा घालून. अगबाडा हा योरुबांचा झगा. डोक्यावर लाल टोपी तेवढी इग्बोंची. त्याच्या बायकोने डोक्याला ‘गेले’ बांधलेला, म्हणजे पुठ्ठ्यासारख्या कडक कापडाचा भला मोठा फेटा. तोही मुळात योरुबा बायकांचा. हा माणूस गळ्यापासून घोट्यापर्यंत योरुबा कपड्यांत बसून योरुबांच्या रीती इग्बोंना कशा चालत नाहीत हे आम्हाला समजावत होता. लग्नाला सगळ्या नातेवाइकांनी एकाच कापडाचे कपडे शिवायचे, ही योरुबांची असो-एबीची पद्धतही त्याला चालत होती. तिथे त्याचं भांडण फक्त रंगावरून होतं. नटायला दुसऱ्याचं चालतं, वाकायची वेळ आली की आपली परंपरा आठवते. हे मी मराठी मंडळाच्या गणपतीतही पाहिलेलं आहे, तिथे शेरवानी घातलेले लोक मराठी संस्कृती बुडाल्याचं सांगत असतात.

बोलणी सुरू करायला कोला हवा. कोला म्हणजे सुपारीसारखं एक कडू फळ. पाहुणा आला की ते पुढे ठेवतात, प्रार्थना म्हणतात, फोडून वाटतात. आपल्या पानसुपारीचा मोठा भाऊ. नवऱ्यामुलाने तो ऑनलाइन मागवला होता. त्याने मोठ्या अभिमानाने प्लेट पुढे केली.

काकाने एक फळ उचललं. प्राध्यापकांनी एक उचललं. दोघांनी नखाने साल खरवडली आणि दोघांची तोंडं एकाच वेळी वाकडी झाली.

“हा दोन पाकळ्यांचा आहे,” काका म्हणाला. “हा चघळायचा. ट्रक ड्रायव्हर चघळतात.”

“कार्याला चार पाकळ्यांचा लागतो,” प्राध्यापक म्हणाले.

“आमच्यात चारचा लागतो.”

“आमच्यात चारचाच लागतो.”

“तो इग्बो कोला.”

“तो आमचा. आम्ही त्याला ओबी म्हणतो.”

“आम्ही ओजी म्हणतो.”

फळ तेच. झाड तेच. दोघांच्या पूर्वजांनी एकाच बाजारातून आणलं असणार. पण दोघं असे बसले होते की जणू समोरच्याने आपल्या आजोबांचं झाड चोरलंय. नवरामुलगा म्हणाला, “सॉरी अंकल, वेबसाइटवर फोटो नीट नव्हता.” त्यावर मात्र दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. नव्या पिढीची अक्कल हा त्या संध्याकाळी एकमताचा एकच मुद्दा होता.

जेवणं झाल्यावर मी काकाशी बोलायला गेले. या बाबतीत तो माझ्या बाजूचा, असं मला वाटत होतं. मी त्याला सांगितलं की कुणीच कुणापुढे लोटांगण घालू नये, आमच्या घरी हेच शिकवलं. त्याने आनंदाने मांडीवर थाप मारली.

“ऐका,” तो खोलीभर ओरडला. “ही इंडियन मुलगीसुद्धा माझंच म्हणणं म्हणतेय.”

“‘कुणीच नाही’ असं म्हटलं मी,” मी म्हणाले. “बाईनेसुद्धा नाही. तुमच्या रीतीत नवरी वाइनचा पेला घेऊन येते आणि नवऱ्यापुढे गुडघे टेकते ना?”

“ते वेगळं. ते प्रेम आहे.”

“आणि कोला एखाद्या बाईने फोडला तर?”

तो इतका हसला की अगबाड्याच्या बाह्या हलायला लागल्या. “माय डिअर,” तो म्हणाला, “कोला बाईच्या हातचा नसतो. आणि कोलाला फक्त इग्बो भाषा कळते. इंग्लिशमध्ये प्रार्थना केलीस तर तो ऐकणारसुद्धा नाही.”

म्हणजे पुरुषाने पुरुषापुढे वाकायचं नाही, एवढंच त्याचं तत्त्व होतं. बाईचं वाकणं त्याच्या हिशोबात वाकणंच नव्हतं. असल्या माणसाला मी पाच मिनिटं आपला मानलं याचा मला आजही संताप येतो.

सगळे गेल्यावर रूममेट भांडी घासत होती. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “कॉम्रेड मॅडम, माझ्या लग्नात भाषण द्यायला तुला कुणी बोलावलं होतं?”

“मग तू कोर्टात जा,” मी म्हणाले. “सही कर, संपलं. कुणी आडवं नाही, कुणी गुडघ्यावर नाही.”

“तुझ्या आईबाबांनी तसंच केलं ना?”

“हो.”

“तुझी आजी आली होती लग्नाला?”

“आईची आई? नाही. तिने नंतर आईचं तोंड पाहिलं नाही.”

“मग जिंकलं कोण?”

मी म्हणाले की प्रश्न जिंकण्याचा नाही, तत्त्वाचा आहे. हे म्हणताना मला बाबांचा आवाज ऐकू आला, आणि मला तो आवाज आवडतो. तिने नळ बंद केला. “मला ते सगळे त्या हॉलमध्ये हवेत,” ती म्हणाली. “एकमेकांचा तिरस्कार करत का होईना. माझी मुलं उद्या फोटो बघतील, त्यात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या नकोत मला. तुझ्या पत्रकात याच्यावर काही लिहिलंय?”

नव्हतं लिहिलेलं. पण म्हणून पत्रक चूक ठरत नाही, हे मी तिला सांगितलं. ती झोपायला गेली.

लग्न मार्चमध्ये, बर्फाचे काळे ढीग अजून कडेला पडलेले असताना, हायवेलगतच्या एका बँक्वेट हॉलमध्ये झालं. योरुबांचं लग्न भटजी नाही चालवत, दोन पट्टीच्या बोलक्या बायका चालवतात, एक मुलीकडची, एक मुलाकडची. गातात, टोमणे मारतात, पाहुण्यांना हवं तसं नाचवतात. पुरोहित म्हणून मला त्या पटल्या. नवरामुलगा मित्रांसह पुढे आला तेव्हा मुलीकडची म्हणाली, “आमची पोर मागायला आलात आणि अजून उभेच? पाठ धरलीय का? हा फार्मसिस्ट ना, याच्याकडे गोळी नाही?”

हॉल हसला. काका उठला. “आम्ही मान लववू,” तो म्हणाला. “आडवे होणार नाही.”

मुलीकडची बाई माइक खाली करून प्राध्यापकांकडे बघायला लागली. प्राध्यापक समोरच्या फुलदाणीकडे बघत होते. आत, पडद्यामागे, नवरी स्पीकरवरून सगळं ऐकत असणार. मुलाने काकाकडे पाहिलं. मग टोपी काढली, आईच्या हातात दिली आणि कार्पेटवर सपाट आडवा झाला. मागोमाग त्याचे मित्र. त्यात एक गुजराती होता, त्याला पालथं पडायचं की उताणं तेही माहीत नव्हतं.

काका तरातरा बाहेर गेला. त्याच्या बाजूचे काही लोक अर्धवट उठले आणि त्याच्या बायकोकडे बघायला लागले. ती हलली नाही. “हा ‘गेले’ बांधायला मला तास लागलाय,” ती म्हणाली. “मी कुठेही जात नाही.” सगळे पुन्हा बसले. या सगळ्यांचा स्वाभिमान एका फेट्याएवढाही नव्हता.

आता कोला. प्राध्यापकांनी प्लेट पुढे केली, या वेळी चार पाकळ्यांचा. आणि सगळे थांबले. प्रार्थना इग्बोत हवी, आणि ती म्हणणारा वडीलधारा पार्किंग लॉटमध्ये. मुलाची आई उठली. “माझ्या नवऱ्याची जागा माझी आहे,” ती म्हणाली. “मी म्हणते.”

मागून कुणीतरी कुरकुरलं, “आँटी, बाईने कोला—”

“मग ये,” ती म्हणाली. “तू म्हण.”

तो आला नाही. येणार कसा? तिकडच्या बाजूला सूट घातलेले डॉक्टर, इंजिनिअर, वकील रांगेने बसले होते, सगळे इथे जन्मलेले, आणि एकालाही इग्बोत चार वाक्यं सलग बोलता येत नव्हती. बाईला प्लेटला हात लावू न देणाऱ्या परंपरेचे हे वारस, आणि परंपरेची भाषा उरली होती फक्त बाईच्या तोंडात. तिने प्रार्थना म्हटली, सावकाश, न अडखळता. फोडायची वेळ आली तेव्हा प्लेट प्राध्यापकांपुढे धरली. “फोडा.” त्यांनी फोडला. चार पाकळ्या सुटल्या तेव्हा दोन्ही बाजूंनी एकच हुंकार आला.

मग ती प्लेट घेऊन माझ्याकडे आली. “बाहेर त्याला नेऊन दे. तुझं ऐकतो म्हणे.”

काका गाड्यांच्या मधे उभा होता, अगबाडा वाऱ्याने शिडासारखा फुगलेला. त्याने प्लेटकडे पाहिलं. “कुणी म्हटली?”

“तुमच्या वहिनींनी.”

“इग्बोत?”

“मला भाषा कळत नाही. कोलाला कळली असावी, फुटला नीट.”

त्याने फुगलेल्या बाह्या खांद्यांवर सारल्या. मग एक पाकळी उचलून तोंडात टाकली. “पूर्वजांची नावं तिने उलटी घेतली असणार,” तो म्हणाला. “बायकांना क्रम माहीत नसतो.” आणि क्रम दुरुस्त करायला आत गेला. माघार घेण्याचा इतका उद्धट प्रकार मी पाहिला नव्हता, पण खुर्ची भरली.

नवरी पेला घेऊन निघाली. ही इग्बोंची रीत. ती गर्दीत नवऱ्याला शोधते आणि वाटेतले सगळे पुरुष ‘इकडे, इकडे’ म्हणून तिला हुलकावण्या देतात. काकाने सगळ्यात मोठ्याने हाक मारली. ती त्याच्यापुढे थांबली आणि योरुबात काहीतरी बोलली. त्याने झटकन योरुबातच उत्तर दिलं. तिच्या बाजूचे लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते.

“तो योरुबांच्या लागोसमध्ये वाढला,” नवऱ्यामुलाच्या आईने मला सांगितलं. “घरी योरुबातच भांडतो.”

आणि इतके महिने त्याने प्राध्यापकांचं प्रत्येक वाक्य इंग्लिशमध्ये करून घेतलं होतं.

तिने नवरा शोधला, गुडघ्यांवर बसली, पेला त्याच्या ओठांना लावला. हॉल टाळ्यांनी दणाणला, एकही खुर्ची रिकामी नव्हती. मला ते गुडघे पटले नाहीत, त्याचं लोटांगणही पटलं नव्हतं. मी हात मांडीवर ठेवून बसले. शेजारी काकाची बायको होती. तिने मला कोपर मारलं.

“वाजव की, सिस्टर. मैत्रीण तुझी आहे.”

मी नाही म्हणून मान हलवली. तिने खांदे उडवले आणि माझ्या वाटच्याही टाळ्या वाजवल्या.