मुन्शीजींनी कुणाला नऊ दिले नाहीत

मुन्शीजींनी कधी कुणाला नऊ मार्क दिले नाहीत. दहापैकी सात म्हणजे त्यांच्या लेखी चमत्कार, आणि साडेचार मिळाले तर माणसानं मुकाट्यानं आभार मानून आपलं कॉमिक पिशवीत घालावं. हे मार्क जुन्या कॉमिक्सना होते, माणसांना नव्हे. पण अशी सवय एकदा लागली की ती कॉमिक्सपाशी थांबते थोडीच? चंद्रपूरच्या बसस्टँडवरचे तर्री-पोहे त्यांनी कायमचे साडेपाचवर बसवले होते. सावली गावाहून येणाऱ्या एसटीला चार. थंडीत झाडीपट्टीची नाटकं लागली की ते हौसेनं जात आणि आल्यावर निकाल सांगत, "राजा सहा होता. राणी साडेतीन. पन रडली मस्त, म्हनून अर्धा वाढवला."

जुनी कॉमिक्स जमवणारी आम्ही मोजकी माणसं दर रविवारी सकाळी बसस्टँडमागे सुधाकरभाऊंच्या झेरॉक्सच्या दुकानात जमतो. मी भद्रावतीला एका लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करते. त्या घोळक्यात बाई अशी मी एकटीच, त्यामुळे सुरुवातीला सगळे माझ्याशी फार जपून बोलत. मुन्शीजी मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेटा, पिको-फॉलवाला बाजूच्या दुकानात हाये. इथी जुनी पुस्तकं पाहून राह्यलो आमी." मी पिशवीतून कॉमिक काढून दाखवलं तेव्हा त्यांनी खुर्ची रिकामी करून दिली आणि लगेच त्या कॉमिकला साडेतीन मार्क दिले.

त्यांची पाहण्याची एक ठरलेली रीत होती. आधी नळावर हात धुवायचे, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसायचे आणि ते पुरते वाळेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मग कॉमिक दोन्ही तळव्यांवर घेऊन दुकानाच्या दारात, उन्हात जाऊन उभं राहायचं. कव्हर तिरकं धरायचं. घडीवरून अलगद बोट फिरवायचं, पिनांना गंज चढला का ते बघायचं आणि सगळ्यात शेवटी डोळे मिटून वास घ्यायचा. "पान्यात भिजलं होतं हे. वाळवलं चांगलं कोनंतरी, पन भिजलं होतं." सुधाकरभाऊ शपथा घेत की हे कधी घराबाहेर गेलंच नाही, आणि संध्याकाळी घरी विचारल्यावर कळे की छत गळत होतं त्या वर्षी ते कपाटावर ठेवलं होतं.

ही नजर त्यांनी जंगलात कमावली होती. सावलीजवळ त्यांची धानाची शेती होती, पण उन्हाळा आला की ते गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे बिडीची पानं गोळा होतात त्या जागी, मुन्शी म्हणून जात. गावातली बायामाणसं पहाटेपासून तेंदूची पानं तोडून, पुडे बांधून फळीवर आणत, जमिनीवर रांगेनं मांडत, आणि मुन्शीजी त्या रांगांमधून वाकून चालत एकेक पुडा पारखत. फाटकं पान, भोकं पडलेलं पान, वरची चांगली पानं लावून आत लपवलेलं पिवळं पान. खराब पुडा बाजूला काढला की बाया त्यांच्या नावानं बोटं मोडत. पण त्याच बाया पुढच्या वर्षी ठेकेदाराला विचारत की तोच मुन्शी येणार ना. कारण तो जसा खराब पुडा चांगला म्हणत नसे, तसा चांगला पुडा कधी खराबही म्हणत नसे. दुपारी काम थंडावलं की ट्रकवाल्यांनी टाकून दिलेली हिंदी कॉमिक्स ते झाडाखाली बसून वाचत. नाद लागला तो तिथेच.

ज्यांना हा नाद नाही त्यांना मार्कांचं एवढं काय ते कळत नाही, म्हणून सांगते. आम्ही आपसांत आणि लांबलांबच्या लोकांशी कॉमिक्सची अदलाबदल करतो. हैदराबादच्या माणसाला माझी प्रत दिसत नाही, मला त्याची दिसत नाही. मध्ये असतो तो फक्त आकडा. आता तर आकडे देणाऱ्या कंपन्याच निघाल्या आहेत. कॉमिक त्यांच्याकडे पाठवायचं, ते तपासून कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करतात आणि वर मार्कांची चिठ्ठी लावून परत पाठवतात. कडक मार्क देणारी कंपनी कुणालाच आवडत नाही. सढळ हातानं देणारी सगळ्यांना आवडते, पार्सल उघडेपर्यंत.

मुन्शीजी चुकत नसत असंही नाही. एकदा सुधाकरभाऊंच्या एका कॉमिकमध्ये मधल्या पानांचे क्रमांक तुटत होते. मुन्शीजींनी पान गहाळ म्हणून जाहीर केलं आणि दोन मार्क हातावर ठेवले. सुधाकरभाऊ फुगून बसले. पुढे त्याच अंकाच्या आणखी प्रती हाती आल्या तर सगळ्यांत तीच गत, मूळ छापतानाच घोटाळा झालेला. पुढच्या रविवारी मुन्शीजी मोहफुलाचे लाडू घेऊन आले आणि बसायच्या आधी म्हणाले, "मी चुकलो. पान गेलं नव्हतं, छापलंच नव्हतं. सुधाकरभाऊले पाच." कुणीतरी मुद्दाम विचारलं, आणि मुन्शीजींना किती? ते विचारात पडले. "तीन. कबूल केलं म्हनून, नाईतर दोनच होते." लाडवांनाही त्यांनी पाचच्या वर चढू दिलं नाही.

खरं तर कॉमिक्सचा नाद माझा नव्हे, माझ्या दादाचा. दादा आजारपणात गेला. वर्षश्राद्धानंतर वहिनीनं त्याची ट्रंक माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "तुमच्याकडंच राहू द्या." झाकण उघडलं तर कडुलिंबाचा वास आला. आमच्या घरी गव्हात, गोधड्यांत, पुस्तकांत, सगळीकडे कडुलिंबाचा पाला टाकायची पद्धत होती. दादानं कॉमिक्समध्येही टाकला होता. सगळ्यात वर होता त्याचा जीव की प्राण असलेला अंक, पाताळनगरीच्या एका पहारेकऱ्याच्या मालिकेतला पहिला. तो अंक मी मोठ्या शहरातल्या एका नव्या कंपनीकडे पाठवला. पेटीत बंद होऊन आला तेव्हा वर लिहिलं होतं, नऊ. मी ती पेटी दादाच्या फोटोशेजारी ठेवली. वेडेपणा म्हणा, पण मला वाटलं की माझ्या दादालाच नऊ मिळाले.

आणि मग सुधाकरभाऊंचं ते प्रकरण झालं. त्याच कंपनीचे नऊ मिळवलेली त्यांची एक प्रत त्यांनी हैदराबादच्या एका गृहस्थांना अदलाबदलीत पाठवली. त्यांनी पेटी फोडली तर आतली पानं एकमेकांना चिकटलेली. आतली पानं बघायची तसदी कंपनीनं घेतलीच नव्हती. सुधाकरभाऊंनी माफी मागून ती प्रत परत घेतली, पण हैदराबादकडच्या मंडळींनी चंद्रपूरवाल्यांशी व्यवहारच बंद केला. सगळ्यांना त्याची चुटपुट लागली होती, मला मात्र वेगळीच भीती वाटत होती. दादाच्या फोटोशेजारचे ते नऊ खरे होते का?

बरेच दिवस मी टाळलं. शेवटी एका रविवारी पेटी पिशवीत घातली आणि मुन्शीजींच्या पुढ्यात ठेवली. "फोडू?" त्यांनी विचारलं. "एकदा फोडलं की नऊ गेले."

"थोडे कमी झाले तरी चालतील," मी म्हणाले. "पण फार कमी नका देऊ, मुन्शीजी. दादाचं आहे."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "बेटा, लॅबमध्ये कोनाची साखर तीनशे निघाली, अन् तो तुया वळखीचा असला, त तू शंभर लिहून देते का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पेटी फोडली, हात धुतले, वाळवले आणि दारात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"हे पुस्तक कोनंतरी पोटाशी खोसून नेलं हाये," ते म्हणाले. "आडवं नाई, उभं. शर्टाच्या आत. घडी कशी गोल आली पाह्य. अन् इथी घामाचा डाग." बाबांना कॉमिक्स चालत नसत. दादा ती शर्टात खुपसून, पोट आत ओढून, अगदी शहाण्या मुलासारखा त्यांच्या समोरून जाई. मी मागून हसत असे आणि तो डोळे वटारत असे.

"मधल्या दोन पानावर हे तपकिरी काय हाये? पाल्याच्या सावलीसारखं."

"कडुलिंब," मी म्हणाले. "दादानं ठेवलेला. कीड लागू नये म्हणून."

"किडीपासून वाचलं, पन पाला वला होता. वाळवून ठेवाचा असते." ते पानं उलटत राहिले. "या कोपऱ्याले जीभ लावून पान उलटवाची सवय होती त्याले. अन् हा च्याचा थेंब. पुसाले गेला अन् आनखी पसरवला." मग त्यांनी अंक मिटला, वास घेतला आणि निकाल दिला. "तीन."

मी सगळ्यांदेखत रडले. मुन्शीजी कावरेबावरे झाले, दुपट्टा पुढे केला, परत घेतला, म्हणाले, "मी तरी काय करू पोरी, तीनच होतात." तीन मार्कांसाठी मी रडत नव्हतेच, हे त्यांना कसं सांगू? नऊवाल्यांनी माझ्या दादाला पुसून कोरं केलं होतं. मुन्शीजींनी तो मला घामासकट, चहासकट परत आणून दिला होता. त्याचा चेहरा फोटोत होता, पण पोट आत ओढून चालणारा दादा मला त्या सकाळी झेरॉक्सच्या दुकानाच्या दारात दिसला. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

पुढे सुधाकरभाऊंनी हैदराबादला कळवलं की यापुढे आमच्याकडचं प्रत्येक कॉमिक मुन्शीजींच्या नजरेखालून जाईल. तिकडच्यांनी भीतभीत एक अदलाबदल केली. पार्सल उघडलं तर सांगितल्यापेक्षा प्रत बरी निघाली! हळूहळू असं झालं की कंपनीच्या नवापेक्षा मुन्शीजींच्या पाचाला तिकडे जास्त मान. मी त्यांच्या शेजारी उभी राहून पाहायला शिकले. त्यांनी मला मुद्दाम असं काही शिकवलं नाही. "आधी हात वाळू दे," एवढंच म्हणत.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आम्हाला कुणालाच काही जाणवलं नव्हतं. त्यांनीच एका रविवारी हातातलं कॉमिक खाली ठेवलं आणि म्हणाले, "दोनदा पाह्यलं, दोनदा येगळं दिसलं. आता माहं बंद." सगळ्यांनी गळ घातली. सुधाकरभाऊ म्हणाले, "मुन्शीजी, अंदाजानं सांगत जा न. तुमचा अंदाजबी आमाले पुरते." मुन्शीजी उसळलेच. "अंदाजानं सांगाले तुमची ते कंपनी हाये न!"

मुलीनं त्यांना सिरोंच्याला आपल्याकडे राहायला बोलावलं. निघायच्या आदल्या रविवारी ते शेवटचे आले आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कॉमिक काढलं. फळीवर, झाडाखाली वाचलेलं त्यांचं पहिलं. इतक्या वर्षांत त्याला मार्क दिलेले कुणी ऐकले नव्हते. "आपल्याच पुस्तकाले कसे देऊ? हात चुकते," ते म्हणाले. "तू पाह्य. अन् माह्याकडं पाहू नको, पुस्तकाकडं पाह्य."

मी हात धुतले, वाळू दिले आणि दारात उभी राहिले. ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मनात आलं, सात देऊन टाकावेत. सातनं कुणाचं काय बिघडणार होतं? पण मग मला दादाचे ते नऊ आठवले, आणि मी दिसेल ते बोलायला लागले.

"कव्हरच्या खालच्या बाजूला लाल माती."

"फळीची," ते म्हणाले.

"वरच्या कोपऱ्यात जळल्याचं भोक."

"ट्रकवाल्याच्या बिडीचं. माह्या हाती आलं तवापासून."

"पानांच्या खालच्या कोपऱ्यात पिवळे डाग आहेत. हळदीच्या अंगठ्याचे."

"हळद? मी कुठी हळदीचा हात लावला?"

"बारीक अंगठा आहे, मुन्शीजी. पहिल्या पानावर आहे, पुढच्या पानावर आहे." मी पानं उलटत गेले. "प्रत्येक पानावर आहे."

त्यांचे डोळे उघडले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. "ते त म्हने का हे पोरासोरायचं खूळ हाये," ते हळूच म्हणाले. "माह्यासमोर कधी हातबी नाई लावला. शेवटल्या पानापर्यंत हाये?"

"शेवटच्या पानापर्यंत."

मुन्शीजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले. मी अंक मिटला, वास घेतला आणि सांगितलं, "तीन."

त्यांनी हात पुढे करून कॉमिक घेतलं, खालच्या कोपऱ्यावर आपला अंगठा ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"अडीच कर," ते म्हणाले. "हळदीचा अर्धा काप."

मी अर्धा कापला.