कुंकू लावलेलं बटन

मी जळत होते, हे आधीच सांगून टाकते. आता सत्तरी उलटल्यावर लपवायचं कुणापासून? वाशीमला आमच्या शेजारच्या घरात रेडिओ आला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते ते.

शेजारी कापसाचा अडत्या राहायचा. त्याची बायको माझ्याच वयाची, लग्नंही आमची एकाच वर्षीची. पण देवानं सगळं तिच्याच ओटीत घातलेलं. गोरा रंग, गुडघ्यापर्यंत केस, नागपुरी लुगडी, आणि आता तो गाणारा डबा. माझ्याकडे एक खोली, एक ओटा आणि एक दिवा. दिवा मात्र विजेचा! आमचे हे जिनिंग फॅक्टरीत वायरमन होते. फॅक्टरीच्या इंजिनावर संध्याकाळी आसपासच्या पाच-सात घरांना वीज द्यायचे, त्यात एक दिवा आम्हाला. खांबावरची तार आधी आमच्या घरात यायची आणि तिथून पुढे तिच्याकडे जायची.

दिवा लागला की मी बटनाला कुंकू लावायची. उजेडाची लक्ष्मी त्यातूनच घरात येते, मग तिला तशीच कशी ठेवायची? बोट पाण्यात बुडवायचं, कुंकवात टेकवायचं आणि खटक्याच्या बुडाशी लावायचं. बोटाला झिणझिण्या यायच्या. मला वाटायचं, देवी जागी आहे. हे ओरडायचे, "वल्ल्या हातानं बटनाले शिवू नको, एखाद्या दिवशी चिकटून बसशीन!"

"तुमी फॅक्टरी सांभाळा, मी घर सांभाळतो," मी म्हणायची.

रेडिओ येऊन पंधरा दिवस झाले नसतील, तर भिंतीवरून हाक आली. "वहिनी, भाऊजींले पाठवा ना जरा. रेडिओ निस्ती खरखर करून राह्यला. लाह्या फुटल्यावानी तडतडते."

मनात म्हटलं, फुटू दे मेल्या लाह्या! पण यांनी पक्कड उचलली आणि निघाले. पहिल्या दिवशी तिच्या टेबलावरचा पंखा बंद करून पाहिला. खरखर तशीच. दुसऱ्या दिवशी दारावरची घंटी सोडवली. मग छपरावरची तार लिंबाला घासते म्हणून फांदी तोडली. मग रेडिओची एक तार जमिनीत पुरलेली होती, तिच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतलं. रोज एका नव्या वस्तूवर संशय. अर्ध्या-पाऊण तासानं खरखर आपोआप थांबायची, श्रेय यांच्या पकडीला जायचं, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा हाक यायची. तोवर यांचा चहा तिथेच. कपबशीतून! वर घरी येऊन मला ऐकवायचे, "तिथल्या चहात विलायची असते."

"मंग तिथंच राहा की!" मी म्हणायची आणि भाकर तव्यावर आपटायची.

त्यातच एकदा यांनी आमच्या बटनाचं पितळी झाकण काढलं आणि लाकडाचं बसवलं. मी रोज चिंच लावून घासलेलं, लखलखीत झाकण ते. कुठं गेलं म्हणून विचारलं तर म्हणे, "लागत होतं." मी काय ते ओळखलं. तिच्या घरातल्या बटनावर चढलं असणार. त्या दिवशी मी जेवले नाही.

मग माझे बाजूला बसायचे चार दिवस आले. त्या दिवसांत चूल नाही, देव नाही, बटनही नाही. दिवा हेच लावायचे, कुंकवाशिवाय. पाचव्या दिवशी न्हाऊन घरात आले, संध्याकाळी दिवा लावला, बटनाला कुंकू लावलं, आणि लगेच भिंतीवरून आवाज, "अव वहिनी, चार दिवस कसा गोड गाऊन राह्यला होता! आज पुन्हा त्याची कटकट सुरू झाली."

मागच्या महिन्यातही ती नेमकं हेच म्हणाली होती. माझं बोट अजून ओलंच होतं. हे तिकडे गेल्यावर मी दिवा बंद केला. पलीकडे सारंगी स्वच्छ ऐकू आली. दिवा लावला. तडतड! म्हणजे ओलं कुंकू वाळेपर्यंतच ती खरखर चालायची! काखेत कळसा अन् गावाला वळसा.

खोटं कशाला बोलू, आधी मला हसूच फुटलं. तिचा एवढा मोठा रेडिओ माझ्या एका बोटावर नाचत होता. पण मग पेच पडला. खरखर ठेवावी तर नवरा रोज तिच्या घरी. थांबवावी तर रेडिओ गोड गाणार आणि सगळी गल्ली तिच्या दारात. दोन दिवस घोळत बसले आणि शेवटी नवरा निवडला. बटन कोरडं पुसून काढलं आणि कुंकू दाराच्या चौकटीला लावू लागले.

नवरा घरी राहिला खरा, पण ओट्यावर. भिंतीला पाठ टेकलेली, कान पलीकडे. बोलणं नाही, हसणं नाही. तिकडून हाक येईना. आठ दिवस पाहिलं आणि मग माझा भडका उडाला.

"काहून असे तोंड पाडून बसले? तिची आठवण येऊन राह्यली का?"

"कोनाची?"

"विलायचीवालीची!"

"पागल झाली का तू? तिच्याकडं पायते कोन?" हे म्हणाले. "त्या डब्यात दिवेलागणीले कोनी तरी सारंगी वाजवते. माहा बाप वाजवे तशी."

यांचे वडील मी पाहिलेच नव्हते. आमच्या लग्नाआधीच गेले होते.

"मंग जाऊन आयका की. अडवलं कोनं?"

"काय निमित्त सांगू? खरखर हाय तोवर मी वायरमन. गादीवर बसवतात, चहा देतात. खरखर गेली का मी निस्ता फॅक्टरीचा नोकर. माह्यासाठी कोन दार उघडते?" वर म्हणाले, "अन् तुह्या बटनाचं मले पयल्याच महिन्यात समजलं होतं."

माझा राग उसळला. "म्हंजे मी त्याले चिकटून मेली असती, तरी तुमची सारंगी चालूच राह्यली असती!"

"म्हणून त लाकडाचं झाकन लावलं. पितळीतून झटका बसे. पेटीत हाय ते, पाय."

पेटी उघडली. झाकण होतं, फडक्यात नीट गुंडाळलेलं.

तीन महिने मी त्या बाईच्या केसांवर, लुगड्यांवर, विलायचीवर जळले, आणि हा माणूस तिकडे बापाला ऐकायला जात होता. मला लाज वाटली. पण जळणं काही गेलं नाही. आता त्या सारंगीचा हेवा वाटू लागला. माझ्या बोलण्याला यांनी कधी असा कान लावला होता?

दुसऱ्या दिवशी दिवा लावला, बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि लाकडी झाकणाच्या फटीत लावलं. जरा जास्तच ओलं. थोड्या वेळानं भिंतीवरून हाक आली.

"वहिनी, भाऊजी हायेत का घरी?"

"हायेत. पाठवतो," मी म्हटलं.

हे पक्कड घेऊन कधीच उठले होते. ते जाऊन गादीवर टेकले असतील, एवढा वेळ मी दारात उभी राहिले. मग बटन दाबून दिवा बंद केला. पलीकडे सारंगी स्वच्छ लागली. मी चुलीच्या उजेडात भाकरी थापत बसले, जळत जळत, आणि सारंगी संपेपर्यंत दिवा लावला नाही.