वाटीतलं तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि सुमनपासून तर चहात चोरून घातलेली साखरसुद्धा लपत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही रामदासला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझा स्वभाव सांगतो. मी संशयी माणूस आहे. केळझरच्या बाजूला आमची शेती. ट्रॅक्टर माझा, चालवायचा रामदास. तो वावरातून परतला की मी डिझेलच्या टाकीत काडी बुडवून बघायचो — त्याच्यासमोरच. तो हसायचा. त्या हसण्याचाही मला संशय यायचा. मनात काही नसेल तर माणूस हसतो कशाला?

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते. खांद्याला तूप-हळद लावायची आणि सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल केव्हाच विकले, पण झुली ठेवल्या होत्या आणि रीत सोडवेना. त्या वर्षी मी ट्रॅक्टरचीच खांदशेकणी केली. रामदास घरी गेल्यावर — लोक हसतील म्हणून. बॉनेटला हळद लावली, आवतण दिलं आणि ऑइलचा डबा घेऊन बसलो. इंजिन जिथून हवा ओढतं तिथे धूळ अडवायला तेलाची एक वाटी असते. तिच्यावर खूण असते, तेल तेवढंच घालायचं. मी काठोकाठ भरली. सणाला हात आखडता कशाला घ्यायचा?

पोळ्याच्या दिवशी रामदासने अंगणात ट्रॅक्टर सुरू केला आणि थोड्या वेळात इंजिन सुसाट सुटलं. आवाज चढतच गेला. धुरात कोण कुठे ते दिसेना. त्याने बंद करायची दांडी ओढली — काही फरक नाही. आता तुम्हीच सांगा, डिझेल तोडल्यावरही जे इंजिन पळतं, ते डिझेलवर पळत असेल का? एवढं तरी मला कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एकच — यानं डिझेलच्या पंपात काहीतरी केलं. जोर वाढवायला काही ड्रायव्हर पंपाचं सील तोडतात, हे मी ऐकून होतो. जमलेले लोक लांब पळाले. मीही पळालो. रामदास पळाला नाही. त्याने हवेची रबरी नळी उपटली, खुंटीवरची झूल ओढली आणि इंजिनाच्या तोंडात कोंबली. घुसमटून ते थांबलं.

नळीतून तेल ठिबकत होतं. ते बोटावर घेऊन त्याने हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पंपाले हात काऊन लावला?" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

"म्या नाई लावला, भाऊ. वाटीतलं तेल पाहा."

पाहिलं का मी? नाही. चोराच्या उलट्या बोंबा, म्हणालो, आणि त्याला जायला सांगितलं. तो गेला.

लोक पोळा फुटतो त्या तोरणाकडे निघून गेल्यावर मी पाहिलं. पंपाचं सील शाबूत होतं. काल काठोकाठ भरलेल्या वाटीत तेल तळाला गेलेलं — इंजिनानं ओढून घेतलेलं. म्हणजे ते माझ्या तेलावर पळत होतं. मी नळी पुसली. वाटी खुणेपर्यंत भरून ठेवली.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात होतं असं. मीही मनाशी तेच म्हणत आलो. पण खरी गोष्ट पुढेच आहे. दिवाळीच्या सुमारास सेलूकडचा एक शेतकरी घरी आला. त्याला रामदासला कामावर ठेवायचं होतं. माणूस कसा आहे, एवढंच त्याने विचारलं. तेव्हा मी रागात नव्हतो. आरामात चहा पीत होतो. वाटीचं मला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हणालो — का म्हणालो? — "चालवते चांगला, पन पंपाले हात लावाची खोड हाये त्याले."

ती खोड त्याच्याआधी गावोगाव पोचली. त्याच्या हातात पुन्हा कुणी ट्रॅक्टर दिला नाही. आता तो पिपरी मेघेत एका बिल्डिंगच्या फाटकावर बसतो. वर्ध्याला जाताना मी तो रस्ता टाळतो. मी काय बोललो ते त्याला कळलं असेल का? एकदा बाजारात समोर आला. "बरं हाय ना, भाऊ?" म्हणाला आणि हसला. त्या हसण्याचा मला अजून संशय येतो.

एक राहिलं. पोळ्याला गड्याचं ताट आधी वाढायची आमच्या घरची रीत. त्या दिवशी सुमनने रामदासचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. पुरणपोळीवर तूपही सोडलं होतं. वाटी भरून, तेलकट हात धुऊन मी घरात आलो, तर ताट तसंच. रामदासचं घर हाकेच्या अंतरावर.

"बलावू का त्याले?" सुमन म्हणाली.

तेव्हा मला सगळं कळून चुकलेलं होतं.

"उचल ते," मी म्हणालो.