कोथिंबीरताई

नेदरलँड्समधल्या लायडनला आल्यावर पहिले तीन महिने रविकांतने नोकरीसाठी अर्ज करण्यात घालवले आणि पुढचे तीन त्यांची उत्तरं शब्दकोशात बघण्यात. उत्तरं डचमध्ये असत, अतिशय सभ्य असत, आणि दुसऱ्या ओळीत हमखास 'हेलास' हा शब्द असे. हेलास म्हणजे 'दुर्दैवाने', एवढं कळल्यावर त्याने पुढचं वाचणं सोडून दिलं.

ही २००५ सालची गोष्ट. त्याच्या बायकोला, संध्याला, इथल्या सायन्स पार्कमधल्या एका कंपनीत संशोधनाचं काम मिळालं होतं. भोसरीच्या कारखान्यात टूलरूम सांभाळणारा रविकांत तिच्या रहिवासी परवान्यावर, तिच्यावर अवलंबून असलेला जोडीदार म्हणून आला. खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, खिडकीवरच्या बाईने तसं मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा तो हसला होता. घरी येऊन मात्र त्याने तो कागद कपाटात सगळ्यात खाली सारला.

संध्या सकाळी सायकल काढून गेली की घर त्याच्या ताब्यात. माणूस टूलरूमचा, हत्यारांची मापं काटेकोर जुळवणारा, त्यामुळे कणीकसुद्धा वजनकाट्यावर तोलून भिजवायचा. पंधराव्या दिवशी पहिली पोळी टम्म फुगली, तेव्हा रिकाम्या घरात तो "आली!" असं ओरडला. मग त्याला चटकच लागली. इथलं कार्नेमेल्क म्हणजे आपलं ताकच, त्याची कढी फक्कड होते, हे त्याने शोधून काढलं. डब्यात मिळणारा क्वार्क म्हणजे आयता चक्का. साखर, वेलची, केशर घालून फेटला की श्रीखंड तयार, फडक्यात बांधून टांगायची गरजच नाही.

पण हे सांगायचं कुणाला? सांगलीला वडील, दामोदरपंत, प्यायलेला पेलासुद्धा कधी उचलून ठेवत नसत. फोनवर ते विचारत, "काम कसं चाललंय?" रविकांत म्हणे, "जोरात." त्यात खोटं काही नव्हतं, पण फोन ठेवल्यावर त्याचे कान गरम झालेले असत.

अशातच त्याला इंटरनेटवर मराठी माणसांचा एक अड्डा सापडला. जगभरची मंडळी तिथे देवनागरीत लिहीत, भांडत, कविता टाकत. आत शिरायला टोपणनाव हवं होतं. समोर खिडकीत कोथिंबिरीची कुंडी होती, म्हणून त्याने 'कोथिंबीर' असं टाकलं आणि क्वार्कच्या श्रीखंडाची कृती लिहिली.

दहा मिनिटांत पहिलं उत्तर आलं : "ताई, काय सुगरण आहात हो तुम्ही!"

'अहो, मी ताई नाही,' असं त्याने टाइप केलं. मग थांबला. ताईला कुणी विचारणार नव्हतं, की भरदुपारी घरी काय करता. त्याने ती ओळ पुसली.

मराठीत क्रियापद फार चहाडखोर. करतो की करते, गेलो की गेले, लगेच कळतं. पण पाककृतीत ती भानगड नसते. घ्यावे, फेटावे, झाकून ठेवावे. 'मी पोळ्या केल्या' हे बाई म्हणते तसं पुरुषही म्हणतो. आणि 'दमलो' लिहायचं टाळायचं असेल, तर 'आज फार दमायला झालं' असं लिहिता येतं. या कसरतीत तो इतका तरबेज झाला, की वर्षभरात जवळच्या झूटरमेर गावापासून न्यू जर्सीपर्यंत सगळे कोथिंबीरताईंचा सल्ला घेऊ लागले. झूटरमेरच्या शोभाकाकूंनी तर भाचीच्या लग्नात जांभळी पैठणी नेसू की हिरवी, हेही विचारलं. रविकांतने विचार करून हिरवी सांगितली.

एका संध्याकाळी संध्या घरी आली, कोटसुद्धा न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कोथिंबीरताई, चहा मिळेल का?"

रविकांतच्या हातातली गाळणी पडली.

"माझ्या प्रयोगशाळेतली चित्रा म्हणाली, तुमच्या लायडनमध्ये एक ताई आहेत, कार्नेमेल्कची कढी करतात, ओळख करून दे." संध्याला हसू आवरेना. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले. "ताई म्हणू देत रे, त्याचं काही नाही. पण तुला दादा म्हणवून घ्यायची लाज का वाटावी?"

"लाज नाही गं."

"मग?"

त्याने चहा गाळला.

पंधरा दिवसांनी अड्ड्यावर श्रीनिवास नावाच्या मुलाचा प्रश्न आला. तो एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधन करायला आला होता. 'ब्रेड खाऊन खाऊन कंटाळलोय. पोळ्या कशा करायच्या, कुणी नीट शिकवेल का?' झालं, मंडळींना विषय मिळाला. 'लग्न कर, प्रश्न सुटेल.' 'बांगड्या पण मागव भारतातून.' वर हसरे चेहरे. तासाभराने श्रीनिवासने लिहिलं, 'जाऊ दे, चुकून विचारलं.'

रविकांतने ते तीनदा वाचलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं :

'श्रीनिवास, काही चुकलं नाही. मी पोळ्या करतो. गेलं दीड वर्ष रोज करतो. मी रविकांत, पुरुष आहे, आणि बायको नोकरीला जाते म्हणून घर मी बघतो. सुरुवातीला माझ्याही पोळ्या तुटायच्या. पीठ दोनशे ग्रॅम घे, पाणी कोमट घे...'

खाली सगळी कृती, मापांसकट. पाठवून दिलं आणि तो भांडी घासायला गेला. अर्धा तास त्याने एकच कढई घासली.

परत आला तेव्हा पहिलं उत्तर शोभाकाकूंचं होतं : 'अरे गाढवा! आणि मी तुला पैठणीचा रंग विचारत होते! आता सांगते, हिरवी सगळ्यांना आवडली.' खाली एकाने खोचकपणे लिहिलं होतं, 'बायकोच्या पगारावर मजा आहे बुवा.' रविकांतने उत्तर दिलं, 'आहेच.' सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. एका बाईने लिहिलं, की ताई समजून मी मनातलं बोलले, मला फसवल्यासारखं वाटतंय. त्यावर त्याने सबबी सांगितल्या नाहीत, सरळ सगळ्यांसमोर माफी मागितली. ती पुन्हा त्याच्याशी बोलली नाही, आणि ते त्याला बरेच दिवस लागून राहिलं.

पण त्या रविवारी दामोदरपंतांनी कामाचं विचारलं तेव्हा त्याने खरं काय ते, पोळ्यांसकट, सांगून टाकलं. मग वडील म्हणाले, "फुगतात का?"

"फुगतात."

"तुझ्या आईच्या कडा जाड राहतात. तिला सांगू नकोस."

मार्चमध्ये शोभाकाकूंनी झूटरमेरच्या आपल्या घरी मेळावा भरवला. श्रीनिवास एनस्खेडेहून अडीच तास आगगाडीत बसून, पिठाची पिशवी घेऊन आला. तिथे कळलं, की शिकायचं त्याला एकट्यालाच नव्हतं. सात पुरुष बाह्या वर करून ओट्याशी उभे राहिले, आणि रविकांत टूलरूममध्ये शिकाऊ पोरांना सांगे तसा सांगू लागला, "दाब कडेला द्या, मध्ये नको! लाटणं फिरू द्या, पोळी आपोआप फिरते." बायका बाहेर चहा घेत बसल्या होत्या आणि आतून पडझडीचे आवाज आले की खिदळत होत्या.

शोभाकाकूंचे यजमान दिलीपराव दारातच घुटमळत होते. साठीला आलेले गृहस्थ, स्वतःच्याच घरातली शेगडी पेटवायचं बटण कुठलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. रविकांतने त्यांना आत ओढलं, लाटणं हातात दिलं. त्यांची पोळी एका बाजूला कच्ची आणि दुसऱ्या बाजूला काळी झाली. ती ताटलीत घेऊन ते बाहेर गेले आणि बायकोसमोर उभे राहिले.

शोभाकाकूंनी तुकडा मोडला, सावकाश चावला.

"करपलीय," त्या म्हणाल्या. "अजून एक आणा."