वॉलपेपर तेवढा जुना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय ते माफीसाठी नाही हं. ऐका, आणि तोंड वाकडं करायचं तर खुशाल करा.

पनवेलला मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. रविवारी तिथेच आमचा लिनक्सवाल्यांचा अड्डा जमायचा. सगळे पुरुष, आणि मी. लिनक्स म्हणजे विंडोजसारखंच, कॉम्प्युटर चालवणारं, पण फुकटचं. त्याचे प्रकार असतात, डिस्ट्रो म्हणतात त्यांना. सोपा डिस्ट्रो म्हणजे विकतचं पीठ — सीडी घातली की तासाभरात लॅपटॉप चालू. माझा अवघड होता, त्यात एकेक गोष्ट घरी दळायची. वर ते मेलं लोडशेडिंग! दळण निम्म्यावर आलं की लाइट जायची, बॅटरी मान टाकायची, की पुन्हा पहिल्यापासून. पण मी तोच वापरते म्हणून ते पुरुष माझ्यापुढे गप्प बसायचे. का नाही मिरवायचं मी? तुम्ही नसतं मिरवलं?

आणि मग — येतेय, मुद्द्यावर येतेय — एका दुपारी मला वीट आला. सगळं पुसलं आणि सोपा डिस्ट्रो टाकला. पडद्यावरचा वॉलपेपर तेवढा जुनाच ठेवला, अवघड डिस्ट्रोचं चिन्ह असलेला. कुणालाही कळलं नाही. त्याची मला आजही लाज वाटत नाही. माझा लॅपटॉप, माझी मर्जी! चुलीत गेला तो अड्डा.

एवढंच असतं तर सांगायला बसले नसते.

अड्ड्यावर कोन गावचा जगदीश यायचा. भावाने घेऊन दिलेला जुना लॅपटॉप, त्यावर सोपा डिस्ट्रो. उरणच्या एका यार्डात कुठला कंटेनर कुठे ठेवलाय ते शोधून देणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता. गुरुवारी तो तिथे चालवून दाखवला की नोकरी पक्की. रविवारी आम्हाला दाखवला. छानच होता. सगळे त्याचं कौतुक करायला लागले — आणि मला ते सोसलं नाही. झालं, बोलले. "असल्या पोरखेळावर चालवणार? माझा डिस्ट्रो टाक, मग यार्डवाले मानतील तुला," मी म्हटलं.

"मॅडम, चालतंय तर हाय. कशाला बदलू?"

"मग बस आयुष्यभर बटणं दाबत."

सगळे हसले. तो घरी गेला आणि त्याने चालता लॅपटॉप पुसला.

बुधवारी क्लासवर आला. पडदा काळा. प्रोग्राम पेनड्राइव्हवर शाबूत होता, पण चालवायचा कशावर? म्हणाला, तुमचा कसा चालतो, तेवढं दावा. सोप्या डिस्ट्रोची सीडी माझ्या पर्समध्येच होती. तासाभराचं काम! पण ती काढली असती तर — माझ्याकडे ती कशी, हे त्याने विचारलं असतं ना? मी माझा लॅपटॉप उघडला, वॉलपेपर दाखवला, झाकण मिटलं. तुझंच काहीतरी चुकतंय म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून कर.

त्याची हातची नोकरी गेली. जगदीश परत अड्ड्यावर आला नाही.

इतक्या पुरुषांत एकटी होते म्हणून — असं म्हणता येईल मला. नाही म्हणणार. जगदीशने मला कधीच कमी लेखलं नव्हतं.

काही वर्षांनी कळंबोलीला भेटला. लोखंडाचा ट्रक चालवत होता. मला बघून केबिनमधून मुद्दाम खाली उतरला, हसला.

"मॅडम, अजून तोच वापरता? आमाला नाय जमला."

लॅपटॉप माझ्या खांद्यालाच होता.

"हो," मी म्हटलं, "तोच."