घरच्या ग्रुपवर माझा एक्स-रे

दुष्काळाची सालं होती. गारखेड्याच्या पुढं नव्या प्लॉटिंगवर आम्ही घर बांधलं. चारी बाजूंनी घरं उठली, पण नळ काही आला नाही. टँकर दिसला की आम्ही बाया हंडे घेऊन पळायचो. असंच पळताना टँकरच्या सांडलेल्या पाण्याच्या चिखलात मी घसरले आणि कमरेवर आपटले. उठताच येईना.

जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाडांचे डॉक्टर नेमके सिल्लोडला गेलेले. फोनवर म्हणाले, फोटो मोबाइलवर पाठवा, बघून सांगतो. घरी येऊन नवऱ्यानं फिल्म खिडकीच्या काचेला धरली आणि फोटो काढला. आमच्या घरची एक खोड आहे. पोरीचा दात पडला काय न् गावाकडं म्हैस व्याली काय, आधी घरच्या ग्रुपवर टाकायचं. डॉक्टरांच्या आधी माझी कंबर तिथं पोचली.

ज्या थोरल्या दिरांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तेच तो फोटो बोटांनी मोठा करून बघत होते! त्यांनी ग्रुपवरच विचारलं, "मधी पांढरं काय अडकलंय?"

मेले मी! ती तांबी होती. दोन पोरी बास, असं आम्ही नवरा-बायकोनं गुपचूप ठरवलं होतं. सासूबाईंना सांगायची छाती कोणाची? त्या नातवासाठी कडक मंगळवार करत होत्या, पाण्याचा थेंब न घेता. एक्स-रेत तांबी दिसते हे आम्हाला कुठं ठाऊक!

"परकराची पिन असंल," नवऱ्यानं ठोकून दिलं. जाऊबाईंनी हसरी तोंडं पाठवली. वाटलं, निभावलं.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. फोन स्पीकरवर टाकायचा, ही आमच्या ह्यांची दुसरी खोड.

"हाड शाबूत आहे. तांबीपण जागेवर आहे, काळजी करू नका."

सासूबाई माझी कंबर शेकत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. मग परत शेकू लागला. शरमेनं मी भिंतीकडं तोंड केलं, ते त्या उठून जाईस्तोवर वळवलं नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळीच त्या भाकर-चटणी घेऊन माझ्याजवळ बसल्या.

"आज उपास नाय?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"सोडला," घास मोडत त्या म्हणाल्या. "आधी सांगायचं की गं बये. इतके मंगळवार उपाशी तरी नसते राह्यले."