दगडावरची घोरपड

कोंडीबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. वाडी डोंगरावर, खडीची खाण खाली पौडच्या रस्त्याला. उजाडताना घण हातात पाहिजे, कारण ऊन चढलं की काळ्या दगडाला हात लावता येत नाही आणि दांडा घामानं निसटतो. साल एकोणसाठ. पावसाळा तोंडावर आला होता, खाण बंद व्हायची होती. झऱ्यावरून पाणी आणताना त्याची बायको फुलाबाई त्या वर्षी दोनदा घसरली, दोन्ही वेळा मडकं फुटलं. शेवटच्या पगारात तिला तांब्याचा हंडा घ्यायचा, हे कोंडीबानं ठरवून टाकलं होतं.

त्याआधी एकदा तो डाकबंगल्याला चुना द्यायला गेला होता. तिथला खानसामा भिकू एका जुन्या इंग्रजी पुस्तकाची पानं फाडून चूल पेटवत होता. शंभर वर्षांपूर्वी कुणा साहेबानं काढलेली चित्रं. कोट घातलेलं अस्वल, निवाडा करणारं घुबड, मांडीवर मांडी टाकून बसलेला बेडूक. होती जनावरं, पण प्रत्येकाच्या बसण्यात एकेक माणूस. चुना वाळेपर्यंत कोंडीबा उरलेली पानं बघत बसला.

मग तो कोळशानं आम्हा खाणीवरच्या माणसांना दगडावर काढू लागला. रंभाबाई टिटवी झाली, मी रेडा. चित्र काढलेला दगड मात्र त्याच दिवशी फोडायचा. दुपारी हसायचं, संध्याकाळी त्याची खडी.

शेवटच्या पगाराच्या दिवशी भाकरी खाऊन त्यानं मुकादमाला काढलं. जयसिंग मुकादम म्हणजे मान ताणलेली घोरपड, डोक्याला फेटा, काखेत छडी. दगड फोडायच्या आत जयसिंग वेळेआधीच आला आणि पगार वाटायला नेमका त्याच दगडावर बसला. चित्र आमच्या बाजूला, त्याच्या दोन पायांच्या मध्ये. उलट बोलला म्हणून त्यानं गेल्याच महिन्यात एकाला बिनपगारी हाकललं होतं.

एकेक जण पुढं जाई, पैसे घेई, वर बघतच मागं येई. रंभाबाईला ते जमलं नाही.

"काय गं, दात काढतीस?"

"न्हाई मुकादम, खोकला."

"खोकल्याला खाली कशाला बघावं लागतंय?"

तो वाकला. मग उठून दगडासमोर उभा राहिला.

"फेटा तर माझाच हाय. कुणी काढलं?"

त्यानं पैशाच्या पिशवीची नाडी ओढली. "नाव कळस्तवर पगार बंद."

निम्म्या लोकांचा पगार राहिला होता. कोंडीबा पुढं झाला. "म्या काढलं."

"मी घोरपड व्हय रं? मग तू कोण? काढ, ह्याच दगडावर. सोताला गोड काढलंस तर हात हालवत वाडीवर जायचं."

कोंडीबानं कोळसा उचलला. त्यानं खेकडा काढला. डोळे बाहेर, पोट खपाटीला. एक नांगी दांडगी, तिच्यात घण. दुसरी वाळल्या काटकीसारखी.

जयसिंगनं चित्र पाहिलं. मग कोंडीबाचा उजवा दंड पाहिला, मग डावा. हसला नाही.

"फोड. दोगं बी. कडीतनं निघंल आशी खडी कर, मग पैसं."

तो दगड दोघांना हलत नव्हता. कोंडीबानं आधी हात फिरवून शीर शोधली, मग तिच्यावरच घण घातला. दगड बराच वेळ नुसता वाजत राहिला, मग उकलला. रंभाबाई हातोडी घेऊन पुढं गेली.

"लांब हो, टिटवे," जयसिंग म्हणाला. "त्येचं त्यो करंल."

पगार झालेलेही थांबून राहिले. दिवस मावळताना जयसिंगनं खडीच्या मापाची लोखंडी कडी घेतली आणि ढिगातले खडे एकेक करून तिच्यातून घातले. एक अडकला. कोंडीबानं तो परत फोडला.

तेव्हा पैसे मिळाले. "आर्धा दिस चितरात घालवलास, त्यो कापला."

"दिवाळीनंतर येऊ का न्हाई?"

"ये. कोळसा घरी ठिव."

दुसऱ्या दिवशी तो पौडला भांडीवाल्याकडं गेला. तांबं वजनावर. त्या पैशात हंडा बसला नाही, कळशी आली.